आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कॅन्सरवर बोलायला आम्ही काही डॉक्टर नव्हे. आम्ही साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. परंतु परळचं टाटा हॉस्पिटल, जे १९४१ साली उघडलं, ते आपल्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. गावाकडचा पाहुणा ‘टाटा’ला दाखवायला आला की त्याचा मुक्काम आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत पडतो. तेव्हा हा आजार आपण जवळून पाहिलेला आहे.

पेशंटविषयी पुष्कळ बोललं जातं. आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाविषयी. डॉक्टर सांगतात, “आता घरी न्या, सेवा करा.” त्या दिवसापासून त्या घरात आजारी दोन होतात. एकाची फाईल असते, दुसऱ्याची नसते. माणूस डोळ्यांदेखत जिवंत असताना त्याचं दुःख सुरू झालेलं असतं, आणि रडायची मात्र चोरी. झोप नाही, जेवण उभ्या-उभ्या, वर कर्जाचा घोर. चिडचिड होते, ती मुलांवर निघते.

आणखी एक गोष्ट आहे, जी कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. रात्री तीन वाजता पेशंट कण्हत असतो तेव्हा बायकोच्या, मुलाच्या मनात येतं, आता हे सुटावेत. लगेच स्वतःचीच शरम वाटते. पुढे माणूस गेला की तो विचार वर्षानुवर्षं टोचत राहतो. बायांनो, बाबांनो, हा विचार ज्याने सेवा केली त्याच्याच मनात येतो. लांबून फोन करणाऱ्याच्या मनात येत नाही. त्यात पाप काही नाही, दमलेल्या शरीराचं ते बोलणं आहे.

दुसरा छळ लपवाछपवीचा. “त्यांना काही सांगू नका हं,” असं सगळे बजावतात. पेशंटला तर कळलेलंच असतं, स्वतःचं अंग त्याला सांगत असतं. तोही घरच्यांसाठी गप्प बसतो. एकाच खोलीत दोघं एकमेकांना फसवत बसतात, आणि शेवटचं बोलायचं ते राहून जातं. आमचं म्हणणं असं की, तो विचारील तेवढं खरं सांगावं. विचारलं नाही तर तोंडावर आदळू नये.

दुखणं थांबलं तर निम्मी झोप घरच्यांना मिळते. मॉर्फिनची गोळी म्हटली की आपल्याला वाटतं, हा गर्दुल्ला होईल. कॅन्सरच्या दुखण्यात डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायची असते. पोट साफ राहण्याचं औषधही सोबत विचारून घ्यावं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली. टाटामध्ये यासाठी पॅलिएटिव्ह केअरचा वेगळा विभाग आहे. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन १९८६ पासून अशाच पेशंटांना मोफत ठेवून घेतं. तिथं नेणं म्हणजे टाकून देणं नव्हे. हे चाळीतल्या जिभांनी आधी समजून घ्यावं!

भेटायला जाणाऱ्यांचंही सांगतो. कोणी देवऋषी सुचवतो, कोणी “तंबाखू खात होता ना” म्हणतो. तंबाखूचं व्याख्यान निरोग्यांना द्या, आम्हीही देतो, पण पलंगापाशी नको. आणि “किती करते हो बिचारी” असं म्हणून चहा पिऊन उठायचं, याला भेट म्हणत नाहीत. जाताना डबा न्या, रेशन आणून द्या, पोरांचा अभ्यास घ्या.

गिरणीत आठ तासांची पाळी संपली की दुसरा येऊन साच्यावर उभा राही. कोणी आजारी पडला तर फाटकावर बदलीवाला हजर असे. तिन्ही पाळ्या एकानेच काढा, असं मालकही म्हणाला नाही. म्हणाला असता तर आम्ही त्याच दिवशी गिरणी बंद पाडली असती. मग घरातल्या बाईकडून आपण तिन्ही पाळ्या महिनोन्‌महिने काढून घेतो, त्याचं काय? तिला बदली कोण?

विनयपिटकात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्षूची हकिगत आहे. भगवंतांनी स्वतः त्याची शुश्रूषा केली, हे आपण नेहमी ऐकतो. वाचताना आमचं लक्ष दुसरीकडे गेलं. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं. भगवंतांनी डोक्याकडून उचललं, आनंदांनी पायाकडून. म्हणजे तिथंही दोघं लागले.

केरळात कोझिकोडला १९९३ साली डॉक्टर-कार्यकर्त्यांनी हे काम सुरू केलं. पुढे वस्तीवस्तीतली साधी माणसं आठवड्याचे काही तास देऊ लागली. २००८ साली तिथल्या सरकारने यासाठी धोरण केलं. त्यांच्याकडे डॉक्टर होते, आपल्याकडे निदान हातपाय आहेत.

तर विहारातर्फे बदल्यांची वही सुरू करीत आहोत. आठवड्यातून दोन तास, एवढंच. त्या दोन तासांत घरच्या माणसाने झोपावं, नाहीतर बाहेर जाऊन मोकळं रडावं, त्याची मर्जी. माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाला गर्दी होते, नंतर दारात कोणी फिरकत नाही. म्हणून त्यानंतरचे तीन महिनेही वहीत धरलेले आहेत. पुरुषांनीही नावं द्यावीत, फक्त महिला मंडळाची नको. वही बाहेर चपलांच्या मांडणीशेजारी टेबलावर ठेवली आहे. नावापुढे सोयीची पाळी लिहावी. रात्रपाळीचा रकाना अजून कोराच आहे.