सर्जनबाबांना काय विचारावे?
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



न्यू जर्सीत संसार करता करता मी मोटार शिकले, आयकराचे कागद शिकले. पण गेल्या वर्षी गुडघा बदलायची वेळ आली, तेव्हा साधा फोन कसा करावा हे नव्याने शिकावे लागले.

घराजवळच एका सर्जनचा दवाखाना. फोनवर विचारले, "मेडिकेअर घेता ना?" पलीकडची मुलगी म्हणाली, "हो, हो!" तारीख ठरली, लेकीने रजा काढली. आठ दिवस आधी सहीसाठी कागद आले. पाहते तो काय, डॉक्टर मेडिकेअरमधून बाहेर पडलेले, आणि त्यांचे सारे बिल माझ्या पदरचे! त्याच दवाखान्यातले दुसरे डॉक्टर मेडिकेअर घेत, माझे नव्हेत. मी सही केली नाही. रडले मात्र पुष्कळ.

तेव्हा कळले की डॉक्टर तीन तऱ्हांचे असतात. काही जण मेडिकेअरने ठरवलेली रक्कम हीच पूर्ण फी मानतात. वर्षाची ठराविक रक्कम आपण भरली, की पुढे आपल्याकडे वीस टक्के उरतात, आणि पूरक विमा असला तर तेही बहुधा तो भरतो. काही जण मेडिकेअर घेतात, पण मंजूर रकमेवर १५ टक्क्यांपर्यंत अधिक मागू शकतात. तिसरे, माझ्या त्या डॉक्टरांसारखे, पूर्ण बाहेरचे. त्यांच्याशी खाजगी करार केला की मेडिकेअर एक पैसा देत नाही.

म्हणून नुसते "मेडिकेअर घेता का" पुरत नाही. डॉक्टरांचे नाव घेऊन विचारा : हे डॉक्टर 'असाइनमेंट' स्वीकारतात का? नवे मेडिकेअरचे रोगी घेतात का? इस्पितळ आणि भूल देणारे डॉक्टर यांचे काय? उत्तर देणारीचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. ज्यांनी खाजगी कंपनीची मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना घेतली आहे, त्यांनी आधी कंपनीलाच फोन करून डॉक्टर त्यांच्या यादीत आहेत का, आणि आगाऊ मंजुरी लागते का, हे विचारावे. शेजारणीचे कार्ड आपल्यासारखेच असेल असे धरू नये. मी तेही केले होते!

शेवटी १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या क्रमांकावरून नावे मिळाली. सर्जन अर्ध्या तासाच्या वाटेवरचे निघाले. आज या सभागृहाचा जिना मी कठड्याला न धरता चढले.

माझी प्रश्नांची वही फराळाच्या टेबलावर ठेवली आहे. उतरवून घ्या, पण वही परत द्या. दुसरा गुडघा अजून बाकी आहे.