पडद्यावरचा तुकाराम

(रत्नागिरीत 'संत तुकाराम' दाखवल्यानंतर तरुणांपुढे केलेलं भाषण)



आत्ता पडद्यावर गात होते ते तुकोबा नव्हेत, विष्णुपंत पागनीस. हे सांगावं लागतं, कारण एकेकाळी लोक ते विसरले होते. पागनीस दिसले की पाया पडायचे. साला, नटाच्या पाया!

हा माणूस १८९२ चा, चिकोडीचा. नाटक कंपनीत बायकांची कामं केली, मग मुंबईत शाळेत गाणं शिकवलं, भजनं गायली. प्रभातमध्ये त्यांना घेताना खळखळ झाली: बायकांची कामं केलेला नट संत कसा शोभेल? शोभला. मुंबईत सेंट्रलला सिनेमा सत्तावन आठवडे चालला, १९३७ ला व्हेनिसला गाजला. पुढे त्यांनी तुलसीदास केला, नरसी भगत केला. संतांच्या बाहेर त्यांना कुणी फारसं येऊच दिलं नाही. १९४३ ला गेले.

आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. गवयाचा दिमाख नाही त्यात. रानातून घरी येताना माणूस गुणगुणतो, तसा आवाज. शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक गाणं त्यांनी असं गायलं की लोकांनी ते तुकोबांचाच अभंग म्हणून धरलं.

तक्रार वेगळी आहे. तारखा बघा. ऑक्टोबर १९३५: येवल्यात बाबासाहेब सांगतात, हिंदू म्हणून मरणार नाही. मे १९३६: मुंबईत महार परिषद धर्मांतराच्या बाजूने उभी राहते. आणि डिसेंबर १९३६ ला हा सिनेमा. माझा आजा गिरणीत होता. त्याने दोघांनाही ऐकलं, बाबासाहेबांनाही आणि पागनिसांनाही. थेटरात तिकीट काढलं की विठ्ठल समोर. पंढरपुरात मात्र आपल्या माणसांनी चोखोबाच्या समाधीपाशी थांबायचं. ते दार उघडलं १९४७ ला, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. पागनिसांना जाऊन तोवर चार वर्षं होत आली होती.

तुम्ही म्हणाल, आमच्या रत्नागिरीत १९३१ लाच पतितपावन मंदिर झालं. झालं ना. भागोजीशेठ कीरांनी पैसा दिला, सावरकरांनी पुढाकार घेतला. पण नाव वाचा की राव. आत जायचं तर आधी 'पतित' व्हा!

पँथर हे नाव आपण ज्या देशातून उचललं, तिथली महालिया जॅक्सन घ्या. तीही देवाचीच गाणी गायची. ब्लूज गायला पैसा होता, तरी हट्टाने नाही गायली. हॉलिवूडने १९५९ च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ'मध्ये तिला काळ्या मोलकरणीच्या मयताला गायला उभं केलं. एक प्रसंग, बस. पण २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्चात, मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उठण्याआधी, तीच गायली. आवाज तोच, देव तोच. उभं राहायची जागा बदलली. अशा जागी उभे असलेले पागनीस मला कुठे सापडत नाहीत.

म्हणून हा सिनेमा बघताना माझी नजर जिजाईवर जाते. गौरीने केलीय ती. पोर आजारी पडतं तेव्हा ही बाई चप्पल घेऊन थेट विठ्ठलाच्या देवळात घुसते. भजन नाही, विनवणी नाही. सरळ जाब! शेवटी गरुडाचं विमान येतं, तुकोबा वैकुंठाला निघतात. ती नाही जात. घरात पोरं आहेत, चूल पेटलेली आहे.