पाण्याचं आधी बोला

इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यात तह व्हायचा तर काय काय लागेल, यावर चर्चा पुष्कळ होते. जेरुसलेम, सीमा, वसाहती, निर्वासित. पाण्याचं नाव मात्र शेवटी, वेळ उरला तर. मला आज तेवढंच बोलायचंय.

भावाभावांत वाटण्या होतात, तेव्हा जमिनीला बांध घालता येतो. विहिरीला कसा घालणार? तिथं पाळ्याच ठरवाव्या लागतात. ‘विहिरीचं मागाहून बघू’ म्हणून उठलेली वाटणी पहिल्याच उन्हाळ्यात कोर्टाची पायरी चढते. इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यातही तसंच आहे. पाऊस पडतो वेस्ट बँकेच्या डोंगरांवर आणि मुरलेलं बरंचसं पाणी जमिनीखालून पश्चिमेला, इस्रायलच्या मैदानाकडे जातं.

1995 च्या दुसऱ्या ऑस्लो करारात चाळिसावं कलम पाण्याचं आहे. पॅलेस्टिनींचा पाण्यावरचा हक्क इस्रायलनं त्यात मान्य केला. पण हक्क किती, ते अंतिम वाटाघाटींवर सोडलं. म्हणजे विहिरीचं मागाहून! अंतिम वाटाघाटी फसल्या आणि तो हंगामी कागदच अजून चालू आहे. माणसं वाढली, ठरलेला हिस्सा तोच. नवी विहीर खणायची तर संयुक्त जलसमितीची संमती हवी, आणि समितीत इस्रायलचा होकार लागतोच. वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनमध्ये उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या. आलं की भरून ठेवायचं. शेजारच्या इस्रायली वसाहतीत नळ रोजचा.

पुन्हा सांगतो, कारण हे कानाआड होतं: नकाशावर रेघ ओढली आणि पाळी ठरवली नाही, तर पॅलेस्टिनी राज्याच्या हाती कोरडा बांध येईल. गाझाचंही सांगायलाच हवं. तिथल्या विहिरींत समुद्राचं खारं पाणी शिरलंय, त्यामुळे विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही.

‘हे जमायचं नाही’ असं कृपा करून म्हणू नका. 1994 मध्ये इस्रायल आणि जॉर्डन यांनी यार्मुक नदीच्या पाण्याचे उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे आकडे तहातच लिहिले. हिवाळ्यात जॉर्डननं इस्रायलला जादा पाणी उचलू द्यायचं, उन्हाळ्यात इस्रायलनं ते परत करायचं. तो तह अजून टिकून आहे. आणि आता इस्रायल समुद्राचं पाणी गोडं करून मोठ्या प्रमाणावर वापरतं. डोंगरातल्या पाण्यातला हिस्सा सोडणं त्याला 1995 इतकं जड नाही. मग चाळिसाव्या कलमातली ती रिकामी जागा आधी भरा.