चार्जशीटची इंग्रजी
(म्हैसूर येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



याच म्हैसुरात १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे आणि टपाल खात्याचे प्रशिक्षण केंद्रही आहे. अशा गावात मी इंग्रजीविषयी बोलणार आहे, पण साहेबी थाटाच्या इंग्रजीविषयी नाही. आपल्या हातात जो कागद पडतो, त्याची इंग्रजी आधी आली पाहिजे.

शब्दांना आपण कमी नाही. सिग्नल, ब्रेकव्हॅन, मनिऑर्डर, पार्सल हे तर मराठीच झाले. घात होतो तो ओळखीच्या शब्दाने. ‘ॲडमिट’ म्हटले की आपल्याला दवाखाना आठवतो. पण मोठ्या शिक्षेच्या चार्जशीटमध्ये प्रत्येक आरोप ‘ॲडमिट’ किंवा ‘डिनाय’ करा, असे लिहिलेले असते. रेल्वेत हे १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील नियम ९ खाली येते, टपालात १९६५ च्या नियमांतील नियम १४ खाली. ॲडमिट म्हणजे कबूल. जो आरोप कबूल केला, त्याची चौकशीच होत नाही! साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. तेव्हा अर्थ कळल्याशिवाय सही करू नका.

व्याकरणाचे तक्ते घोकण्याआधी दोन क्रियापदे पाहा. नियमात ‘मे’ आले तर बहुधा मर्जीची गोष्ट, ‘शॅल’ आले तर बंधन. आणि ‘इट हॅज बीन रिपोर्टेड’ हे वाक्य अवघड मानू नका. आपल्या सरकारी मराठीतले ‘असे कळविण्यात आले आहे’ तेच ते. कर्ता दोन्हीकडे गायब! जबाबात विचारा, कळवले कोणी, पाहिले कोणी?

आता उच्चार. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सारखेच निघाले तर गाडी अडत नाही, ते सावकाश शिका. पण ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत घोळ नको. पहिल्यात ‘टीन’ लांब आणि जोरात, दुसऱ्यात जोर ‘फिफ’वर. मराठीत अशा जोराने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जात नाही. वेगमर्यादा १५ ची फोनवर ५० ऐकू आली तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. ‘वन-फाइव्ह’ असा एकेक अंक म्हणा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

आणखी एक. १९७६ च्या राजभाषा नियमांतील नियम ७ प्रमाणे नोकरीविषयक आदेश, शिस्तभंगाच्या कारवाईचेसुद्धा, हिंदीत मागितले तर विनाकारण विलंब न करता द्यावे लागतात. तिथे ‘शॅल’ आहे. मराठीची सोय त्यात नाही, ती मागणी आपल्याला वेगळी लढवावी लागेल. तोवर हिंदी प्रत मागा आणि इंग्रजीशेजारी ठेवून वाचा. असा शब्दकोश बाजारात मिळणार नाही.

रेल्वेत मोठ्या चार्जशीटला उत्तर द्यायला दहा दिवस असतात. त्यातल्या पहिल्याच दिवशी कागद घेऊन शाखेच्या कचेरीत या, आपण तो ओळीओळीने वाचू.