केळीचं पान दुपारी का मिटतं?

अमळनेरपासून तापीकाठापर्यंत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी केळीच्या रुंद पानांचे दोन्ही भाग मधल्या शिरेपासून खाली झुकलेले दिसतात. पान असं मिटलं की त्यावर ऊन कमी पडतं आणि पाणीही कमी उडतं.

हे पाणी उडतं कुठून? पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी बहुतांश पाणी असं वाफ होऊन हवेत जातं. पण जाता जाता ते मोठं काम करतं. वाफ निघाली की एकमेकांना धरून असलेले पाण्याचे रेणू ओढले जातात आणि जलवाहिन्यांतून मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी चढतं. सोबत क्षार पोहोचतात, पानही थंड राहतं.

इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाचं रोप कुंडीसह रोज तोलून पानांतून किती पाणी उडतं याचा हिशेब काढला आणि १७२७ मध्ये ग्रंथरूपानं मांडला.

गरम वारा पानाभोवतीची दमट हवा हटवतो, तेव्हा पाणी आणखी वेगानं उडतं. म्हणून खान्देशातले केळी उत्पादक बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात आणि ठिबकनं थेट मुळाशी पाणी देतात.