मागं राहिलेल्यांचं युद्ध

कोडोलीहून मी आज तुमच्याशी एका जर्मन चित्रकर्तीविषयी बोलणार आहे. केथे कोलवित्झ तिचं नाव.

1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि तिच्या धाकट्यानं, अठरा वर्षांच्या पीटरनं, लढायला जायचा हट्ट धरला. वय लहान, म्हणून बापाची संमती हवी. बाप डॉक्टर, तो तयार नव्हता. केथेनंच नवऱ्याचं मन वळवलं. त्याच ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

हे दुःख चित्रात धरायला तिला कितीतरी वर्षं लागली. धातूच्या पत्र्यावर केलं, शिळाछापावर केलं, मनासारखं उतरेना. मग 1920 मध्ये एर्न्स्ट बार्लाख या कलावंताचे लाकडी ठसे तिनं पाहिले आणि हाती पटाशी घेतली. लाकडी ठशात कोराल तेवढं कागदावर पांढरं, ठेवाल तेवढं काळं. मधली करडी छटा नाही, हळुवार सावली नाही. तिला हेच हवं होतं.

1923 मध्ये 'युद्ध' ही सात ठशांची मालिका निघाली. तिच्यात लढाईचं मैदान नाही, शत्रू नाही. 'आईबाप' या चित्रात गुडघे टेकलेली दोन माणसं एकमेकांत अशी मिसळलीत, की कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कळत नाही. पण मला सगळ्यांत जड जातं ते पहिलं चित्र, 'बळी'. आई आपलं तान्हं पुढं करून देते आहे. संमती मिळवून देणाऱ्या बाईनं हे स्वतःच्या हातानं कोरलं आहे!

'आया' या चित्रात बायका पोरांना मधे घेऊन एकमेकींना घट्ट बिलगल्यात. ते पाहिलं की मला आपल्या करवीरातलं वळिवडे गाव आठवतं. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलंच. सोव्हिएत सत्तेनं घरादारातून उपटून सैबेरियाकडे नेलेली ही माणसं इराणमार्गे आपल्या करवीरात पोचली होती. 1948 पर्यंत ती गेली, आणि फाळणीत घरं गमावलेली सिंधी कुटुंबं त्या छावणीच्या जागी आली. आजचं गांधीनगर ते हेच.

एका ठशाच्या अनेक प्रती निघतात, त्या साध्या माणसांच्या हाती पडाव्यात, म्हणून केथेनं आयुष्यभर छापचित्रं केली. 'आया'ची एक प्रत गांधीनगरातल्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर लागावी, असं मला फार वाटतं.