जनावरांचा डॉक्टर आणि उपचाराचा खर्च
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे. जनावराला कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा अधिकार पशुवैद्यकाचा, माझा नव्हे. पण शेतीच्या जमाखर्चाचा हिशेब मांडताना एक गोष्ट वारंवार दिसते. बियाणे घेताना आपण तीन दुकानांत चौकशी करतो, खताच्या पोत्यावरचे आकडे वाचतो, विहीर खोदताना दहा जणांचा सल्ला घेतो. मात्र जनावरांचा डॉक्टर शोधायला आपण निघतो ते रात्री अकरा वाजता, गाय खाली बसल्यावर. त्या वेळी जो भेटेल तो आपला डॉक्टर आणि तो मागेल ती त्याची फी! ज्या घराचा आठवड्याचा बाजार दुधाच्या पगारावर चालतो, त्या घराला ही पद्धत परवडणारी नाही. म्हणून आज या विषयावर दोन गोष्टी सांगणार आहे.

खर्च नेमका कशाला म्हणायचा?

आजारपणाचा खर्च तीन प्रकारचा असतो. पहिला, डॉक्टरची फी व औषधे. दुसरा, बुडालेले दूध किंवा बैलाचे बुडालेले काम. तिसरा, जनावर कायमचे अधू होणे अगर दगावणे. पहिला खर्च खिशातून जातो म्हणून तो डोळ्यांत भरतो. उरलेले दोन दिसत नाहीत, पण मोठे तेच असतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, आपण आपले आकडे घालून पाहावेत. गाय रोज १० लिटर दूध देते आणि भाव लिटरला ३२ रुपये आहे. गाईला स्तनदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो तो रोग झाला. पहिल्याच दिवशी डॉक्टर बोलावला, फी व औषधे मिळून १,००० रुपये झाले आणि सहा दिवसांचे दूध बुडाले, त्याचे १,९२० रुपये. एकूण २,९२० रुपये. आता दुसऱ्या शेतकऱ्याने चार दिवस वाट पाहिली. गावातल्या माहितगाराकडून ३०० रुपयांची दोन इंजेक्शने मारून घेतली. मग डॉक्टर आले, २,००० रुपये लागले आणि १४ दिवसांचे दूध गेले, त्याचे ४,४८० रुपये. एकूण ७,०८० रुपये झाले. एवढे करूनही एक सड निकामी झाला आणि रोजचे २ लिटर दूध २०० दिवस कमी मिळाले, तर आणखी १२,८०० रुपये गेले. सांगायचे ते इतकेच की महाग पडतो तो उशीर आणि अर्धवट उपचार. डॉक्टरची फी त्यापुढे लहान असते.

डॉक्टर कोणाला म्हणावे?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ साली झाला. या कायद्याप्रमाणे पशुवैद्यकीय पदवी घेऊन परिषदेकडे नाव नोंदवलेल्या व्यक्तीलाच स्वतंत्रपणे जनावरांवर उपचार करता येतात. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना किरकोळ सेवा देता येतात, पण त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि सूचनेनुसार. म्हणून नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. कृत्रिम रेतन करणारे कार्यकर्ते त्यांच्या कामात तरबेज असतात, त्यांचा जरूर उपयोग करावा. पण रेतन करता येते म्हणून न्यूमोनियाचा उपचारही येतो असे नव्हे.

डॉक्टर निवडताना काय पाहावे?

जनावरे धडधाकट असताना, लसीकरणाच्या किंवा गाभण तपासणीच्या निमित्ताने, ही निवड करून ठेवावी. पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) अंतर आणि वेळ : रात्री-अपरात्री येतात का? येणार नसतील तर त्यांच्याऐवजी कोण येते? पोटफुगीच्या वेळी चाळीस किलोमीटरवरच्या नामवंत डॉक्टरपेक्षा पाच किलोमीटरवरचा साधा डॉक्टर जास्त उपयोगी पडतो.

२) तपासण्याची पद्धत : ताप मोजतात का? पोटाला नळी लावून ऐकतात का? खाणे, शेण, लघवी, वेत, गाभणपण यांची चौकशी करतात का? मोटारसायकलवरून न उतरता इंजेक्शन भरणाऱ्यापासून सावध राहावे.

३) लिहून देणे : रोगाचे नाव, औषध, मात्रा व किती दिवस द्यायचे हे चिठ्ठीवर लिहून देतात का?

४) खर्चाची कल्पना : उपचाराला साधारण किती खर्च येईल आणि जनावर वाचण्याची आशा किती, हे दोन्ही स्पष्ट सांगतात का? "हमखास बरी करतो" असे सांगणाऱ्यापेक्षा "तीन दिवसांत उतार पडला नाही तर पुढची तपासणी करू" म्हणणारा डॉक्टर भरवशाचा.

५) पुढे पाठवण्याची तयारी : आपल्या आवाक्याबाहेरचे काम असेल तर मोठ्या दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात का? आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ व उदगीर येथे अशी महाविद्यालये आहेत.

सरकारी दवाखाना प्रथम पाहावा. तेथे फी नाममात्र असते. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. आपल्या भागात पथक कोणत्या वेळी मिळते ते आजच विचारून, क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

बोलावण्यापूर्वी आपले काम

डॉक्टरची फेरी वाया जाऊ नये यासाठी थोडी माहिती तयार ठेवावी. गोठ्यात एक थर्मामीटर असावा. निरोगी गाईचे तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते, शेळीचे त्याहून एखादा अंश जास्त. जनावराने वैरण कधी सोडली, रवंथ करते का, शेण कसे आहे, दूध किती घटले, व्याली कधी, आधी कोणते औषध दिले, हे फोनवर सांगावे. दिलेले इंजेक्शन लपवू नये. तेच औषध दुसऱ्यांदा दिले गेले तर पैसे आणि जनावर दोन्ही धोक्यात येतात. डॉक्टर येण्यापूर्वी जनावर बांधून, दिव्याची व गरम पाण्याची सोय करून ठेवावी.

काही वेळा सकाळची वाट पाहू नये. डावी कूस फुगून श्वास लागणे. पाणमोट फुटून तास-दोन तास झाले तरी वासरू न येणे. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय मान कुशीकडे वळवून बसणे व अंग गार पडणे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर थरथरू लागणे. सर्पदंश, विषबाधा, न थांबणारा रक्तस्राव. यांत तासाला किंमत आहे. बसलेल्या जनावराला बाटलीने किंवा बांबूच्या नळीने औषध पाजू नये, ते फुप्फुसात जाते. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरला कळवावे. तिला दगड किंवा वीट बांधून ओढू नये.

खर्च मुळातच कमी कसा होईल?

लसीकरण : राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यात लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांच्या अंतराने, तर सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच, मोफत दिली जाते. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी घ्यावी. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची व पीपीआरची लस विसरू नये. २०२२ साली लम्पी आजाराने आपल्या राज्यात किती दावणी मोकळ्या केल्या ते आपण पाहिले आहे.

जंत : दर खेपेला अंदाजाने औषध पाजण्यापेक्षा शेण तपासून घ्यावे. जंत कोणते आहेत हे कळले की योग्य औषध देता येते.

चारा : हा माझा विषय आहे. ज्वारीचे कोवळे पीक, विशेषतः पावसाने ताण दिलेले किंवा खोडव्याचे, विषारी असते. फुलोऱ्यापूर्वी ते जनावरांना चारू नये. भुकेल्या जनावराला एकदम ओला लसूणघास घालू नये, आधी कडबा द्यावा. लग्नाघरचा उरलेला भात व चपात्या मायेने पाटीभर घातल्या जातात आणि त्यातून पोटात आम्ल वाढून गाई दगावतात. गोचिडांसाठी पिकावर फवारायचे कीटकनाशक जनावराच्या अंगावर कधीही लावू नये.

माज : सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करावे. एक माज हुकला की २१ दिवसांचा खुराक फुकट जातो.

तपासणी एकत्र : शेजारच्या चार-पाच दावणींनी मिळून एकाच दिवशी गाभण तपासणी ठेवली तर येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो.

खोटी काटकसर

प्रतिजैविकाचा कोर्स तीन किंवा पाच दिवसांचा सांगितला असता, दुसऱ्या दिवशी गाय खाऊ लागली म्हणून तो थांबवू नये. रोग उलटतो आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. उपचाराच्या काळातले दूध किती दिवस वापरायचे नाही हे डॉक्टरला विचारावे आणि ते दूध डेअरीत घालू नये. ते कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाते.

वेदनाशामक औषधांचे नाव वाचावे. डायक्लोफिनॅकमुळे मेलेल्या जनावरांचे मांस खाणारी गिधाडे नष्ट होत गेली, म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलोक्झिकॅमसारखे सुरक्षित औषध उपलब्ध आहे. बंदी असलेली बाटली जो काढतो, तो आपला डॉक्टर नव्हे.

राखणीचा कुत्रा

वस्तीवरचा कुत्रा खर्चाच्या वहीत नसतो, पण त्याच्यावरचा थोडा खर्च सगळ्या घराचे रक्षण करतो. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी एक. पिल्लांची रोज बेवारशी सोय लावण्यापेक्षा एकदाच निर्बीजीकरण करणे स्वस्त. माणसाच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नयेत. पॅरासिटामॉलने मांजर मरते. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. जनावराला कुत्रा चावला असेल तरी पशुवैद्यकाला लगेच कळवावे. आणि लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या घशात काही अडकले असेल म्हणून हात घालू नये. ते पिसाळलेले असू शकते.

पैशाची तजवीज

दुधाच्या प्रत्येक लिटरमागे एक रुपया वेगळा टाकावा. १० लिटरच्या गाईचे महिन्याला ३०० रुपये होतात आणि ३०० दिवसांच्या वेतात ३,००० रुपये. अडल्या वेळी ही रक्कम सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवते. दुभत्या जनावरांचा विमा उतरवावा. केंद्र शासनाने २०२४ साली पशुधन विम्याच्या हप्त्यात शेतकऱ्याचा वाटा १५ टक्के ठेवण्याचा निर्णय घेतला आहे. कानातला बिल्ला पडला तर तो लगेच बदलून घ्यावा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते.

एक वही घालावी. प्रत्येक जनावराला एक पान : जन्म, वेत, माज, लसी, आजार, औषध, खर्च. एकच गाय वर्षातून तीनदा दगडीने आजारी पडते हे वही सांगेल. मग ती ठेवायची की नाही हा निर्णय हिशेबाने घेता येतो.

शेवटी एक अवघड गोष्ट. कधी कधी जनावर वाचणार नसते. दहा वर्षे नांगर ओढलेल्या बैलासाठी खर्च करताना हिशेब मनाला पटत नाही, आणि पटूही नये. पण अशा वेळी डॉक्टरला सरळ विचारावे, "साहेब, हे तुमचे जनावर असते तर तुम्ही काय केले असते?" पाचव्या सलाईनने आशा वाढणार नसेल, तर वेदना कमी करणारा उपचार देऊन त्याला सावलीत, मऊ गवतावर स्वस्थ ठेवणे हीही सेवाच आहे. घरातल्या उरलेल्या जनावरांच्या वैरणीचे पैसे त्यासाठी कर्जात घालू नयेत.

बंधू-भगिनींनो, घरी गेल्यावर तीन गोष्टी कराव्यात : डॉक्टरचा क्रमांक भिंतीवर लिहावा, थर्मामीटर आणावा, वही उघडावी. या तिन्हींना मिळून एका इंजेक्शनएवढाही खर्च येत नाही.